राजूअक्काची राखीव जागा

लिंबवाडीच्या पहिल्या स्त्री उमेदवाराला मेंढरांसकट गावातून पळवून लावण्याचं काम माझ्या हातून झालं. हातून म्हणजे तोंडातून. मी मास्तर असल्यामुळे माझी बहुतेक कामं तोंडानंच होतात आणि बिघडतातही तिथंच.

सत्त्याऐंशी साल उजाडायच्या बेताला होतं. कन्नड राज्यात राहिलेल्या आमच्या मराठी गावांकडे नव्या मंडल पंचायतीच्या, म्हणजे काही गावांना मिळून एक अशा पंचायतीच्या, निवडणुका लागल्या होत्या. मी खडू आणायला खटकचिंचोळीला गेलो होतो, तिथं चहाच्या दुकानात बातमी कळली की लिंबवाडीच्या वाट्याच्या जागांपैकी एक जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव झाली आहे. आमच्या गावात जमातीची म्हणावीत अशी घरं म्हणजे मेंढरं राखणाऱ्या गोंडांची. त्यातले बाप्ये बाराही महिने कळपामागं मुलूखभर फिरणारे. गावाला धरून राहणारी एकच, हावगेप्पाची बायको राजूबाई. तिला सगळं गाव राजूअक्का म्हणायचं.

परत येताना ती थोरल्या माळावर दिसली. डोक्यावर घोंगड्याची खोळ, काठीवर हनुवटी टेकलेली, एक पाय दुसऱ्या पायाला आधाराला दिलेला. ही बाई अशी तासन्‌तास उभी राहू शके. सायकलवरून उतरलो तर पुन्हा चढायला मला दगड लागतो, म्हणून मी न उतरताच रस्त्यावरून ओरडलो, "राजूअक्का, जागा राखीव झाली. तुमची."

तिनं हात वर केला. मला वाटलं, बाई खूश झाली. आता कळतं की तो हात कुत्र्याला बोलवायला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी अंकुशराव दारात. अंकुशराव म्हणजे आमच्या गावचे मोठे शेतकरी. मंडलाचं प्रधानपद आपल्याकडे येणार हे त्यांनी निवडणूक जाहीर होण्याआधीच ठरवून टाकलं होतं, आणि राखीव जागेवर राजूबाईला उभं करायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं. त्यांचा हिशेब सोपा होता. ती कमी बोलते. हात वर कर म्हटलं की करील.

"गुर्जी, काल तुमी राजूला काय सांगितलात?"

"जागा राखीव झाली म्हणून सांगितलं."

"येवढंच?"

"'तुमची' असंही म्हणालो."

"मंग ती पळाली कामून? मेंढरं न्हाईत, कुत्रं न्हाई, वाघर सुदिक उचलून न्हेली." वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायचं जाळं. ते उचललं की माणूस लवकर परतत नाही. "अर्ज भरायची मुदत चार दिवसांवर आली. आता मी काय मेंढरू उभं करू?"

आम्ही हावगेप्पाकडे गेलो. त्याचा पाय मोडला होता आणि तो अंगणात लोकर पिंजत बसला होता. बायको गेल्याचं त्याला काहीच वाटलेलं दिसत नव्हतं.

"ती म्हनली, गुर्जी खोटं बोलत न्हाईत. आन्‌ गेली."

"पण कुठं?"

"गुर्जीला ठावं. त्यांनीच घालवली."

मग काय, मीच सायकल काढली. मेंढरांचा माग काढणं सोपं असतं. वाटेत भेटेल त्याला विचारत जायचं आणि तो शिव्या देत ज्या दिशेला हात करील तिकडं जायचं. हळ्ळीखेडच्या अलीकडं, तूर काढलेल्या एका रानात कळप दिसला. शेतकऱ्यानं खतासाठी बसवून घेतला होता. राजूअक्का मधोमध उभी. कशी उभी, ते मघाशी सांगितलंच आहे.

"या गुर्जी," ती म्हणाली. "आता अजून काय बंद झालं?"

"बंद कुठं काय झालं?"

"तुमीच वरडलात की. जागा राखीव झाली म्हनून."

मी सायकलवरून उतरलो. उतरलो म्हणजे तिथंच बसलो. हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. काही वर्षांपूर्वी आमच्या शिवारातल्या टेकडीला जंगलखात्यानं तारेचं कुंपण घातलं होतं आणि पाटी लावली होती. पाटीवर एकच शब्द मोठा होता. राखीव. त्या पाटीच्या आत गेलेली मेंढरं गार्ड कोंडवाड्यात नेऊन घालायचा. राजूअक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो एक शब्द तिला पुरता येत होता. राखीव म्हणजे जिथं आपण पाय टाकायचा नाही ती जागा. आणि मी तिच्या उरल्यासुरल्या माळाकडे तोंड करून तो शब्द ओरडलो होतो, वर 'तुमची' अशी पुस्तीही जोडली होती.

"अक्का, ही राखीव वेगळी. ही तुमच्यासाठी राखीव."

"ती बी आमच्यासाटीच होती. दुसऱ्या कुनाला तितं कुनी अडवत नव्हतं."

मास्तरकीत अशा वेळी विषय बदलतात.

"ही जागा म्हणजे जमीन नाही. पंचायतीतली जागा. तिथं तुमच्यातल्याच माणसानं बसायचं. दुसऱ्या कुणाला बसताच येत नाही. अंकुशरावांनासुद्धा."

"अंकुशअण्णाला बी न्हाई?"

"नाही."

"ते बसले तर गार्ड हाकलंल?"

"हाकलेल," मी म्हणालो. कायद्याचा इतका सोपा अर्थ मी आयुष्यात पुन्हा कधी सांगितला नाही.

ती खोळीतल्या खोळीत जराशी हसली. मग म्हणाली, "हे ठरवलं कुनी?"

"घटनेत लिहिलंय. घटनेनं यादी केलीय, तिच्यात तुमच्या लोकांचं नाव आहे."

तिचं हसू गेलं. काठी उचलून तिनं मेंढरांकडं पाहिलं, म्हणजे पुन्हा निघायची तयारी. "कंच्या घटनेत? आमचा काई संबंद न्हाई, गुर्जी. आमी त्या दिवशी गावात नव्हतो."

पोलीसपाटलाच्या कागदात नाव येणं म्हणजे काय, हे तिच्या घराला दोन पिढ्या माहीत होतं. रानात कुठं काही चोरीला गेलं की पहिली चौकशी मेंढरांच्या वाड्यावर. मग मी तिला समजावून सांगितलं की ही घटना घडत नाही, ही लिहिलेली असते. देश कसा चालवायचा त्याचं हे पुस्तक आहे. आणि त्यात नाव आलं म्हणजे चौकशी होत नाही, उलट आपण चौकशी करू शकतो.

"त्यात गोंड म्हनून लिवलंय?"

"लिहिलंय."

"आमाला न इचारता?"

"न विचारता."

"पैल्यांदाच बगायले," ती म्हणाली. "आमचं नाव कुटं घातलं आन्‌ ते चांगल्यासाटी." एका कोकराला काठीनं आईकडं ढकललं. "मंग आता काय करावं लागतंय?"

"उभं राहावं लागतं."

तिनं एकदा स्वतःच्या पायांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी तुरीच्या ढेकळांत बसलो होतो.

"मंग मी काय करायले, गुर्जी?"

कळप परत आला. पण उभं राहायला नुसते पाय पुरत नाहीत, दाखला लागतो. तालुक्याच्या कचेरीत मी, राजूअक्का आणि अंकुशराव असे तिघं गेलो. अडचण नावाची होती. गावातले मराठी लोक या घरांना धनगर म्हणत, पलीकडच्या गल्लीतले कन्नड बोलणारे कुरुब म्हणत, आणि हे लोक स्वतःला आज्या-पणज्यापासून गोंड म्हणत आलेले. सरकारी यादीत नाव होतं ते त्यांचं त्यांनी ठेवलेलं. गावानं ठेवलेली नावं यादीत नव्हती. मी कारकुनाला हे सगळं इतिहासासकट सांगायला घेतलं. वीस-एक मिनिटांनी त्याचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं की सुरुवातीला त्याला थोडी तरी खात्री होती, ती मी घालवली.

"हे सगळं ठीक आहे," कारकून म्हणाला. तो विनोदी स्वभावाचा होता. "पण बाई, तुम्ही गोंड कशावरून? घोंगड्याला गोंडे आहेत म्हणून?"

कचेरी हसली. मीसुद्धा सवयीनं हसायला लागलो होतो, पण राजूअक्का हसली नाही, म्हणून थांबलो.

"तुमी कारकून कशावरून?" तिनं विचारलं.

"मी? मी या खुर्चीवर बसलोय म्हणून."

"मला बी तेच करायचं हाय."

कारकुनानं पंचांची साक्ष आणा म्हणून सांगितलं, आणि अंकुशरावांनी तिथल्या तिथं अशी काही साक्ष दिली की मी चकित झालो. हिचा बाप गोंड, आजा गोंड, त्याच्या आधीचे सगळे गोंड. माझ्या आज्यानं यांच्याच मेंढरांचं खत घातलं म्हणून आमची काळी पिकली. आणि हे खोटं निघालं तर माझी मिशी काढून घ्या. आपल्याला हात वर करायला एक माणूस पाहिजे, या एका गरजेपोटी अंकुशरावांनी एका जमातीची ओळख इतकी ठासून मांडली, की ती मांडायला निघालेल्या मला शरम वाटावी. दाखला मिळाला. राजूअक्काच्या विरोधात कुणी अर्जच भरला नाही, आणि ती बिनविरोध निवडून आली. अंकुशरावही आले, प्रधान झाले. हिशेब जमत चालला होता.

मंडलाला इमारत नव्हती. त्यामुळं सभा माझ्या शाळेत, चौथीच्या वर्गात. मला तिथं बसावं लागे, कारण सचिव निंगप्पा सगळं कन्नडात लिही आणि वाचे, आणि आमच्या बाजूच्या सभासदांना ते मराठीतून सांगायला कुणीतरी लागे. निंगप्पा हा अत्यंत सज्जन आणि नियमाचा माणूस. त्याला विनोद कळायचे, पण नियमात बसल्यावर.

पहिल्या सभेला मंडपवाल्याकडून लोखंडी खुर्च्या आणल्या होत्या. अंकुशराव स्वतःची खुर्ची घरून घेऊन आले होते. राजूअक्का मेंढरांना पाणी पाजून शेवटी आली आणि तोवर खुर्च्या संपल्या होत्या.

"बस की तितं दाराजवळ, राजू," अंकुशराव प्रेमानं म्हणाले. "घोंगडं हायच तुज्याजवळ."

ते खरंच प्रेमानं म्हणाले. हेच तर आहे. आमच्याकडे दाराजवळ बसवतात तेही प्रेमानंच बसवतात.

ती उभीच राहिली. "माजी जागा राखीव हाय म्हनले होते गुर्जी," ती म्हणाली. "कंची ती?"

निंगप्पानं चष्मा सारखा केला आणि सगळ्या खुर्च्यांकडे ओळीनं पाहून घेतलं. त्यातल्या एखाद्या खुर्चीवर खरंच तसं लिहिलेलं असेल आणि आपल्या नजरेतून सुटलं असेल, अशी त्याला भीती वाटली असावी. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातांची, लाकडी, बाक आलेली अशी वर्गातली एकमेव खुर्ची माझी होती, आणि तिच्यात मी होतो.

मी उठलो. राजूअक्कानं खुर्चीवर घोंगडं घडी करून टाकलं, काठी मांडीवर आडवी घेतली आणि बसली. कुत्रं दाराजवळ बसलं.

तेव्हापासून सभेच्या दिवशी ती खुर्ची तिची झाली. मी फळ्याजवळ उभा राहून भाषांतर करायचो. चौथीची पोरंसुद्धा पुढं पुढं मी खुर्चीवर बसायला लागलो की विचारायची, "गुर्जी, आज सभा न्हाई का?"

पुढच्या दोन-तीन सभांचे विषय साधे होते. रस्ता, दिवाबत्ती, हातपंप. अंकुशराव "हात वर" म्हणायचे, ती कशासाठी ते मला विचारायची आणि पटलं तर हात वर करायची. तोवर पटण्यासारखंच होतं. मग उन्हाळ्याच्या तोंडावर थोरल्या माळाचा विषय आला.

सरकारची झाडं लावायची योजना होती. सगळ्या माळाला कुंपण, आत नीलगिरी. अंकुशराव खूश होते. माळाला लागून त्यांची शेती, म्हणजे बांधावरची मेंढरं कायमची बंद. शिवाय पहिलं झाड लावायला कुणी मोठं माणूस येणार, फोटो निघणार. पण ठराव एकमतानं झाला पाहिजे, असं वरून सांगून आलं होतं. आणि राजूअक्काच्या दृष्टीनं गोष्ट सरळ होती. टेकडी आधीच गेली होती. माळ गेला की लिंबवाडीत मेंढरू राहत नाही, आणि मेंढरू राहिलं नाही की राजूअक्का राहत नाही. तळ्यावर जायची वाटसुद्धा त्या माळावरूनच होती.

निंगप्पानं ठराव कन्नडात वाचला. मी मराठीत सांगितला, "थोरला माळ झाडांसाठी राखीव ठेवण्यात यावा." आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर मी फळ्याला टेकलो.

राजूअक्कानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्या बारीला मी पळणार न्हाई, गुर्जी. भिऊ नका."

हात वर झाले. राजूअक्काचा काठीवरच होता.

"हात, राजू," अंकुशराव म्हणाले.

"अंकुशअण्णा, ही खुर्ची राखीव हाय का न्हाई?"

"हाय की."

"मंग हिच्यावर बसायचं कुनी?"

"तू. दुसरं कोन बसंल?"

"म्हंजी राखीव म्हनलं की ज्याच्यासाटी केलं त्यानं बसायचं."

"व्हय बाई, तसंच ते."

"मंग माळ बी राखीव करा. माजी ना न्हाई. पन तितं कुनी बसायचं ते बी लिवा."

"झाडं बसतील, राजू. लिवलंय की."

"झाडं उभी ऱ्हातेत, अण्णा. बसतेत ती मेंढरं."

आधी मागच्या खुर्च्या हसल्या, मग सगळेच. अंकुशरावही हसले आणि हसताना त्यांचा हात खाली आला. शेजारच्या गावचे तात्याराव मात्र हसले नव्हते. हे बौद्ध वस्तीतले, स्वतः शेती करणारे, सर्वसाधारण जागेवर लढून निवडून आलेले गृहस्थ. त्यांनी आपला हात मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा खाली घेतला.

"बाई बरोबर बोलायल्यात," ते म्हणाले. "आमी धर्म बदलला म्हनून आमाला राखीव जागेवर उभं ऱ्हाता येत न्हाई. त्या शब्दाच्या भाईर बसलेला मानूस हाय मी. राखीव म्हनलं की कुनासाटी, ते आदी लिवायचं. मंग माजा हात."

त्यांच्यामागून एकेक करत बाकीचेही हात खाली आले. अंकुशरावांनी खोलीभर नजर फिरवली. एकमत तर झालं होतं, पण ते बाजू बदलून.

"काय म्हनायलीस तरी काय तू?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. आपल्या हिशेबातला आकडा आपल्याशी बोलायला लागला, याचं त्यांना आश्चर्य वाटत असावं. "झाडं नको?"

"झाडं पाहिजेत की. सावलीला मीच बसनार. वरल्या अंगाला झाडं लावा. खालचं गवत आन्‌ तळ्याची वाट मेंढराला राखीव. तसं लिवा, दोन्ही हात वर करते."

"आन्‌ न्हाई लिवलं तर?"

"तर मी हाय की हितंच. तुमीच साक्ष दिली, माजा आजा गोंड. घटनेत नाव हाय माजं. मला गार्ड उठवत न्हाई."

अंकुशरावांनी मिशीवरून हात फिरवला. ही मिशी त्यांनी तारण ठेवली होती, हे त्यांना आठवलं असेल. शेवटी त्यांनी निंगप्पाकडे बघून मान हलवली. निंगप्पाची पंचाईत झाली. असा ठराव त्यानं आजवर लिहिला नव्हता. त्यानं पेनाचं टोपण दातात धरलं, लिहिलं, आणि वाचून दाखवलं: "कुरिगळिगे मीसलु." मेंढरांसाठी राखीव. वाचताना तो पहिल्यांदाच मोकळा हसला. विनोद नियमात बसला होता.

राजूअक्कानं कबूल केल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले. काठी खाली पडली, कुत्रं भुंकलं, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

माळावर पाटी लागली. कन्नड ओळ निंगप्पानं रंगवली, खालची मराठी ओळ मी. मुख्य शब्द मी फार मोठा काढला, त्यामुळं 'मेंढरांसाठी' बारीक झालं. राजूअक्कानं पाटीवरून बोट फिरवत मला विचारलं, यातला 'साठी' कंचा, आणि दाखवल्यावर म्हणाली, तोच मोठा पाहिजे. मी पुन्हा रंगवली. गार्ड आला, त्यानं पाटी दोनदा वाचली, पाटीखाली बसलेल्या मेंढरांकडं पाहिलं, आणि सायकल वळवून गेला. उद्घाटनाचा फोटोही निघाला. त्यात मोठा पाहुणा झाड लावतो आहे, अंकुशराव कॅमेऱ्याकडं बघत आहेत, आणि दोघांच्या मधून एक मेंढरू त्या रोपाकडं बघतं आहे.

परवा, म्हणजे एक्क्याण्णव सालच्या या पावसाळ्याच्या अखेरीला, मी खटकचिंचोळीहून येत होतो. मंडलाची मुदत संपत आली आहे. पुढच्या निवडणुकीत राखीव जागा दुसऱ्या गावांकडे जाणार असं तालुक्यात बोललं जातंय, आणि अंकुशराव लिंबवाडीच्या जागेसाठी आपला पुतण्या तयार करताहेत. माळ हिरवा होता. वरच्या अंगाला नीलगिरी वाढली होती, खाली कळप चरत होता, आणि मधोमध राजूअक्का काठीवर हनुवटी टेकून उभी होती. या खेपेला मी रस्त्यावरून ओरडलो नाही. सायकल पाटीला टेकवली आणि चालत तिच्यापर्यंत गेलो.

"अक्का, ऐकलंत का? पुढच्या खेपेला ती जागा तुमच्यासाठी राखीव नसली तर?"

तिनं आधाराचा पाय बदलला.

"तर काय. उभी ऱ्हाईन."